स्पीकरच्या वायरींसाठी भिंतीला पाडलेल्या भोकांतून झळ आणि धूळ येते, पक्कं बुजवायचं कसं?

गंजगोलाईकर, लातूर

नमस्कार मंडळी. घर गावभागात आहे, जुनं. पुढची बैठक आजोबांच्या काळातली, दगड-मातीची, भिंत पावणेदोन फूट जाड. वरचं माळवद काढून पत्रे टाकले, भिंती मात्र त्याच. मागच्या दोन खोल्या नंतर बांधलेल्या, विटा-सिमेंटच्या, वर स्लॅब. शेवटच्या खोलीत नीटची तयारी करणारी दोन लेकरं भाड्यानं राहतात.

अण्णांना संध्याकाळी बैठकीत बसून अभंग, नाट्यगीतं ऐकायची असतात. बैठकीचं दार दिवसभर उघडं, रस्त्याची धूळ सगळी आत. म्हणून अँप्लिफायर मधल्या खोलीतल्या फडताळात ठेवला आणि स्पीकर बैठकीत. वायरी दगडी भिंतीतून आरपार नेल्या. भोक चांगलं दोन बोटं रुंद आहे, कारण सबवूफरच्या, म्हणजे खर्जाच्या आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या, वायरीची पिन त्यातून जायला हवी होती. दुसरं भोक मधल्या खोलीतून अंगणात जातं, तिथं सकाळच्या हरिपाठासाठी एक छोटा स्पीकर टांगलाय. तिसरं भोक डिशवाल्यानं पाडलेलं, गच्चीवरून खाली. चौथं भाडेकरू लेकरांच्या खोलीच्या साडेचार इंची भिंतीत. तिथं आधी मागचे स्पीकर होते, आता नुसतं भोक आहे.

त्रास असा की मे महिन्यात दुपारी अंगणाच्या भोकापुढं हात धरला तर गरम फुंकर लागते. थंडीत त्याच जागी पहाटे गार वारा. फडताळात अँपवर आठवड्यात धुळीचा थर बसतो, खोली झाडलेली असली तरी. भोकांच्या कडेनं चुन्यावर काळपट डाग धरलाय, पुसला की परत येतो. दिवाळीत दगडी भिंतीच्या भोकातून पाल निघाली, तेव्हापासून आईनं त्यात फडकं कोंबून ठेवलंय. आणि लेकरं म्हणतात, काका, गाणं ऐकू येतं. परीक्षेच्या दिवसांत अण्णा आपणहून बंद ठेवतात, ते मला बघवत नाही.

काय भरावं? पुढं वायर बदलायची वेळ आली तर भिंत फोडायला लागू नये, एवढीच अट.

धाराशिवचा_भाऊ

पीयू फोमची नळी मिळते हार्डवेअरच्या दुकानात. नोझल आत घाला, दाबा, फुगून बसतो. सकाळी कटरनं कापून टाका. अर्ध्या तासाचं काम.

परभणीचा_रेडिओवाला

गंजगोलाईकर, फोम आणायच्या आधी जरा थांबा. मी आयुष्यभर रेडिओ-अँप दुरुस्त केले आणि नंतर घरोघरी स्पीकर बसवले, त्यामुळं असली भोकं भरपूर बघितलीत. तुमची चारही भोकं चार जातीची आहेत. सगळ्यांना एकच औषध चालणार नाही.

आधी वारा कुठून कुठं जातो ते बघा. उदबत्ती पेटवा, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावा, दारं-खिडक्या लोटून घ्या आणि उदबत्ती एकेका भोकापुढं धरा. धूर खोलीत ढकलला जात असेल तर त्या भोकातून हवा आत येतेय. मग एक्झॉस्ट बंद करून कूलर लावा आणि परत बघा. बहुतेक ठिकाणी आता धूर उलटा भोकात शिरेल. कूलर बाहेरची हवा खोलीत रेटतो, तिला जायला वाट लागते, आणि खिडकी पुरेशी उघडी नसली की ती ओलसर हवा मिळेल त्या फटीतून निघते. तुमच्या बाबतीत ती फट म्हणजे फडताळातली, नेमकी अँपच्या पाठीमागची. कूलर बंद झाला, एक्झॉस्ट चालू झाला की त्याच वाटेनं धूळ येते. म्हणजे अँपच्या पाठीला दिवसा ओल आणि रात्री धूळ. आवाजाच्या बटणाची खरखर, पिनांवर हिरवट थर, हे रोग तिथूनच सुरू होतात. तुम्ही फक्त झळेबद्दल लिहिलंत, पण मला जास्त काळजी त्या अँपची वाटते.

आणि तो काळपट डाग पुसू नका अजून. तो डाग म्हणजे हवा तिथून जाताना चुन्यावर सोडून गेलेली धूळ. डाग जिकडं जास्त गडद, फट तिकडं. काम झाल्यावर रंग द्या, तोवर तो तुमच्या उपयोगाचा आहे.

आता भरायचं कशानं. वायर चालू आहे त्या भोकात आधी पाइप हवा. एक इंची पीव्हीसीचा तुकडा, भिंतीच्या जाडीपेक्षा दोन्हीकडं थोडा जास्त कापून, आरपार बसवायचा. पाइपाच्या बाहेरची फट, म्हणजे पाइप आणि भिंत यांच्यामधली, ती कायमची बुजवायची. पाइपाच्या आतली, वायरींभोवतीची फट मात्र मऊ मालानं भरायची, जो उद्या बोटानं उकरून काढता येईल. एसी बसवणारे नळीच्या भोकाला न वाळणारा पुट्टीचा गोळा लावतात, तो मागा. कणकेसारखा मळला जातो, वर्षानुवर्षं मऊ राहतो. वायर वेगवेगळ्या करून प्रत्येकीच्या भोवती दाबा. दोन वायरी एकमेकींना चिकटून असल्या की त्यांच्यामधल्या बारीक खाचेतून हवा जातच राहते, आणि स्पीकरची वायर तर मुळात जोडवायर, तिच्या मधोमध खाच असतेच. ती खाच अंगठ्यानं भरा. लोक भोकाचं तोंड लिंपतात आणि ही खाच सोडतात, मग म्हणतात सील केलं तरी वारा येतो. आणि पाइपाची दोन्ही तोंडं भरा, एकच नाही.

एम-सील वापरू नका वायरीभोवती. दगड होतो. वायर बदलताना वायर तुटेल, एम-सील हलणार नाही.

सिलिकॉन लावायचंच असेल तर ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते घेऊ नका. त्यातून वाळताना आम्ल सुटतं, ते उघड्या तांब्याला खातं, आणि सिमेंट-चुन्यावर त्याची पकडही चांगली राहत नाही. दुकानदाराला ‘न्यूट्रल’ म्हणून सांगा, डब्यावर तसं लिहिलेलं असतं.

थर्माकोलचे तुकडे कोंबायची सवयही आपल्याकडं फार. पीव्हीसीच्या वायरीला थर्माकोल चिकटून राहिला तर वायरीतला मऊपणा देणारा पदार्थ त्यात उतरतो. थर्माकोल विरघळल्यासारखा होतो आणि वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. जुन्या घरांतून अशा वायरी मी हातानं काढल्यात, वाकवली की साल फुटते.

भाऊंनी सांगितलेला फोम वाईट नाही. पण तो पेट घेणारा माल आहे, त्यामुळं ज्या भोकातून विजेची वायर जाते तिथं साधा फोम नको. उन्हात उघडा राहिला तर पिवळा पडून भुगा होतो, म्हणून अंगणाच्या बाजूला नको. आणि उंदीर तो सहज कुरतडतात. पाइप आणि विटांची भिंत यांच्यामध्ये भरायला ठीक आहे, वरून गिलावा करून झाकला तर. भरायच्या आधी भोकात पाण्याचा फवारा मारा. हवेतल्या ओलीवरच तो फुगतो आणि वाळतो, उन्हाळ्यात आपल्याकडं कोरड्या भोकात तो आतून कच्चा राहतो.

अंगणाच्या भोकासाठी दोन गोष्टी जास्तीच्या. पाइप बाहेरच्या बाजूला थोडा उतरता ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत यायच्याऐवजी बाहेर पडेल. आणि वायर पाइपात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा, थेंब झोळाच्या तळाला येऊन गळतात. बाहेरच्या तोंडाशी स्टेनलेस स्टीलच्या भांडी घासायच्या घासणीचा तुकडा सैलसर कोंबा, त्यावर पुट्टी. उंदीर ती चावत नाही, पाल-झुरळ शिरत नाही. साधी लोखंडी तारेची घासणी नको, पहिल्या पावसाळ्यात गंजते. मोकळा पाइप ठेवलात तर कुंभारीण माशी चिखलानं घर करतेच, ते तुम्ही बघितलं असेल.

डिशच्या भोकाचं गच्चीवरचं तोंड आधी बघा. वरून उघडा पाइप असेल तर त्याला उलट्या छत्रीच्या दांड्यासारखं वळवून तोंड खाली करा, दुकानात तयार बेंड मिळतो. मग खाली, खोलीतल्या तोंडाशी पुट्टी. स्लॅबमधून येणारे सगळेच रिकामे पाइप तपासा. स्विचबोर्डाच्या पाट्या उघडून बघायच्या असतील तर मेन बंद करूनच.

चौथं भोक, ज्यात वायरच नाही, ते सोपं. सिमेंट-वाळूचा माल दोन्ही बाजूंनी पूर्ण खोलवर ठासून भरा, मधे पोकळी ठेवू नका. पण आवाजाबद्दल एक खरं सांगतो. शंभर चौरस फुटांच्या भिंतीत एक चौरस फूट उघडं असेल तर ती भिंत कितीही भारी असू दे, २० डेसिबलच्या पुढं आवाज अडवू शकत नाही. म्हणून फटी महत्त्वाच्या. तुमचं भोक मात्र इंचभराचं. त्याचं क्षेत्रफळ पाऊण चौरस इंचाच्या आसपास. दाराखाली अर्ध्या इंचाची फट असेल तर तीन फुटी दाराला ती अठरा चौरस इंच झाली, वीस पटींहून जास्त. भोक भराच, पण लेकरांच्या दाराखाली रबरी पट्टी लावल्याशिवाय त्यांना फरक कळणार नाही.

तेरणाकाठ

रेडिओवाले काकांनी सगळं चांगलं सांगितलं. दगडी भिंतीबद्दल मी भर घालते, कारण बांधकाम हा माझा रोजचा विषय आहे आणि आमचा भाग किल्लारीजवळचा.

गंजगोलाईकर दादा, पावणेदोन फुटी भिंत म्हणजे बहुतेक दोन पदरी. आतून एक तोंड, बाहेरून एक तोंड आणि मधे माती-चिपांचा भराव. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात अशाच भिंती फुगून दोन पदर वेगळे होऊन पडल्या, कारण दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड बऱ्याच घरांत नव्हतेच. तेव्हा त्या भिंतीत भोक मोठं करायचं नाही. पाइप बसवताना एखादा दगड हलायला लागला तर तो काढू नका, पाइप लहान घ्या. हॅमर ड्रिल नको, लांब बिट लावून नुसतं फिरवत न्या आणि बिट दगडावर अडलं तर मातीच्या सांध्यातून वाट शोधा. कोपऱ्यापासून आणि दाराच्या चौकटीपासून दोन फूट तरी लांब राहा.

पाल तिथून आली त्याचंही कारण हेच. तुमचं भोक बैठकीतून मधल्या खोलीत सरळ जात नाही, ते मधल्या भरावातल्या पोकळ्यांना जोडलं गेलंय. त्या पोकळ्या भिंतभर असतात. दोन्ही तोंडं बुजवली तरी वारा भिंतीच्या दुसऱ्याच फटीतून येऊ शकतो. पाइप सलग, एकसंध हवा तो यासाठी. दोन तुकडे जोडलेत तर जोडाला पाइप चिकटवायचं सोल्युशन लावा.

आणि पाइपाभोवती नुसतं सिमेंट नको. मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाही, काही दिवसांनी चकती होऊन निघून येतं आणि आतली ओल अडकून पोपडे येतात. चुना-वाळूचा माल करा, किंवा पांढऱ्या मातीत भुसा आणि थोडा चुना मिसळून. आधी सैल माती ब्रशनं झाडा, पाणी मारा, मग दोन थरांत भरा. पहिला थर वाळून तडकू द्या, मग दुसरा.

गंजगोलाईकर, लातूर

दोघांचेही मनापासून आभार. आज रविवार, उदबत्ती फिरवली. काकांनी सांगितलं तसंच निघालं. एक्झॉस्ट लावल्यावर सगळ्यात जोरात हवा अंगणाच्या भोकातून नाही, डिशच्या पाइपातून येते. कूलर लावला की फडताळातल्या भोकात धूर सरळ ओढला जातो. अण्णा बघत बसले होते, म्हणाले, अँप बाहेर काढ आणि आधी त्याच्या पिना पूस. पुसल्या. दोन पिनांवर हिरवट थर होताच.

दगडी भिंतीत एक इंची पाइप बसत नाही, ताईंनी लिहिलंय तसा एक दगड सैल आहे. पाऊण इंची बसेल. पण मग सबवूफरची पिन त्यातून जात नाही. काय करू? दुसरं, फडताळ पूर्ण बंद करून टाकलं तर धूळ कायमची जाईल का? आणि त्याच पाइपातून एक्स्टेन्शनची वायर बैठकीत नेली तर चालेल का, तिथं सबवूफरला प्लग लागतो.

परभणीचा_रेडिओवाला

एक्स्टेन्शनची वायर अजिबात नाही. भिंतीतून एक्स्टेन्शन नेणं हेच मुळात धोक्याचं, आणि स्पीकर-सबवूफरच्या वायरीबरोबर एकाच पाइपात तर नाहीच. सबवूफरची वायर बारीक संकेताची असते, शेजारी विजेची वायर धावली की ५० हर्ट्‌झची घुमी तिच्यात शिरते. अभंगाच्या दोन ओळींमधली शांतता त्या घुमीनं भरून जाते. वायरमनला सांगून बैठकीत वेगळा पॉइंट काढून घ्या. विजेची वायर आणि संकेताची वायर यांच्यात फूटभर अंतर ठेवा, आणि कुठं ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

पिनेसाठी भिंत फोडायची गरज नाही. पाइप वायरीच्या मापाचा घ्या, पिनेच्या नाही. सबवूफरची वायर एका टोकाला पिनेपासून कापा, पाइपातून ओढा, आणि नवी पिन डाख देऊन लावा. शहरात कुणीही रेडिओ मेकॅनिक हे करून देतो. मधला गाभा मधल्या टोकाला, जाळी बाहेरच्या कड्याला, आणि डाख देताना जाळीचा एकही केस गाभ्याला लागू देऊ नका. स्पीकरच्या वायरींना तर टोकाला काही नसतंच, त्या तशाच जातात. वायर किमान अडीच चौरस मिलिमीटरची ठेवा, लातूरच्या बैठकीएवढ्या अंतराला पुरते. एचडीएमआयसारखी कारखान्यातच डोकं बसवून आलेली वायर असती तर मोठं भोक टाळता आलं नसतं. तुमच्याकडं तशी एकही नाही, हे बरं झालं.

फडताळ पूर्ण बंद करू नका. अँपला गरम हवा सोडायला जागा लागते. वर आणि दोन्ही बाजूंना चार-पाच बोटं मोकळं, आणि समोरचं दार जाळीचं. भिंतीतली भोकं बंद झाली की फडताळात येणारी हवा फक्त खोलीतली राहील. खोली तुम्ही झाडताच. आमच्याकडं आकाशवाणी परभणी केंद्राचं गाणं दिवसभर लावून ठेवणारे म्हातारे गिऱ्हाईक असायचे, त्यांचे रेडिओ टिकायचे ते एवढ्यावरच, पाठीमागची जाळी मोकळी आणि भिंतीपासून सुटा.

धाराशिवचा_भाऊ

काका, माझ्या घरी फोम आधीच मारलाय, आतून टीव्हीची विजेची वायर पण जाते. काढावा लागेल का?

परभणीचा_रेडिओवाला

हो भाऊ, काढा. मेन बंद करा, चाकूनं न कापता हातानं आणि लाकडी पट्टीनं खरवडत काढा, वायरीला धार लागता कामा नये. मग विजेची वायर वेगळ्या पाइपात घ्या आणि त्याभोवती सिमेंटचा माल भरा.

गंजगोलाईकर, लातूर

पुट्टी मिळाली, एसीच्या दुकानात. चुन्याचा माल उद्या गवंड्याकडून. शेवटचं विचारतो, पाऊण इंची पाइपात तीन वायरी गेल्यावर जागा थोडी उरते. पुढं अजून एखादी वायर टाकायची झाली तर?

परभणीचा_रेडिओवाला

वायरी ओढतानाच त्यांच्याबरोबर नायलॉनची सुतळी आरपार टाकून ठेवा, दोन्ही टोकांना हातभर जास्तीची. गाठ मारून पाइपाच्या तोंडाशी गुंडाळा आणि पुट्टी सुतळीभोवतीही दाबा. नवी वायर टाकायची तेव्हा तिला आणि आणखी एका सुतळीला जुन्या सुतळीला बांधा आणि दुसऱ्या बाजूनं ओढा, म्हणजे पाइपात सुतळी कायम राहील. आणि गच्चीवरचा बेंड मृगाच्या आधी बसवून घ्या, बाकीचं मागंपुढं झालं तरी चालेल.